मार्चची चिठ्ठी, जुलैचं पाणी

बोरिवलीहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पाचवा मजला, पश्चिमेची खिडकी, तिला बाहेर काढलेली ग्रिल. त्या ग्रिलमध्ये सुनेने गेल्या हिवाळ्यात हौसेने आणलेल्या लॅव्हेंडरच्या तीन कुंड्या आहेत. मार्चमध्ये सून कामासाठी आठ महिन्यांकरता बंगळुरूला गेली. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली: 'लॅव्हेंडर, रोज एक ग्लास पाणी.' बाईंनी एक दिवसही खाडा केला नाही. तरी ऑगस्टमध्ये एका रोपाने मान टाकली आणि ते गेलं. दुसरं गणपतीपासून अर्धं सुकलं आहे. तिसऱ्याच्या पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस आणि मुंग्या दिसतात. शिवाय सगळ्याच पानांवर पांढुरकी लव आहे, ती बुरशी असावी असं त्यांना वाटतं. एक दिवसाआड कडुनिंबाचं तेल, हळदीचं पाणी, सोसायटीच्या माळ्याने दिलेली कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पावडर आणि एकदा तर झुरळांचा स्प्रे, एवढे उपाय करून झाले. मेलेल्या रोपाची माती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती तुळशीच्या कुंडीत घातली. सून दिवाळीला परत येते आहे. कपडे वाळत घालायच्या जागेत कुंड्या ठेवण्यावरून दोघींचं पूर्वी वाजलं होतं, त्यामुळे 'आईंनी मुद्दाम मारली' असं तिला वाटेल ही धास्ती आहे. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. कोणतं औषध मारू? आणि तशीच तीन रोपं आणून गुपचूप जागेवर ठेवली तर चालेल का?

बाई,

शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला आपल्याकडे मुलं जन्मभर बाईच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते.

आधी एक काम करा. तुळशीच्या कुंडीत घातलेली ती माती आजच्या आज काढा. जेवढी घातली होती तेवढी, आणि खालची आणखी दोन बोटं. ती दुसऱ्या कुंडीत नको, सोसायटीच्या बागेतही नको. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. तुळशीला पुढचे काही दिवस पाणी बेताने घाला आणि शेंडे ताठ राहताहेत ना, यावर नजर ठेवा. तिच्यावर रासायनिक औषध मात्र टाकू नका, तिची पानं घरातल्यांच्या तोंडात जातात. माती का काढायची ते पुढे येईलच.

आता तुमचं पत्र. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, ती म्हणजे फ्रिजवरची चिठ्ठी. 'कोणतं औषध मारू' असं विचारताना तुम्ही धरून चालला आहात की तिन्ही रोपांवर बाहेरून काहीतरी आलं आणि त्यावरचं नेमकं औषध तुम्हाला सापडलं नाही. मला पत्र वाचून वेगळं वाटतं. तीन कुंड्यांमध्ये दोन निरनिराळी दुखणी आहेत. त्यातलं मोठं दुखणं पाण्याचं आहे. आणि ज्याला तुम्ही तिसरं दुखणं समजता आहात, ते दुखणंच नाही.

तेच आधी सांगते. पानांवरची पांढुरकी लव ही लॅव्हेंडरची स्वतःची आहे. त्या बारीक केसांमुळे ऊन परतवलं जातं आणि पानातलं पाणी सावकाश उडतं. सुगंधी तेलाच्या ग्रंथीही त्या केसांच्या मध्येच असतात. भुरी नावाची बुरशी आणि ही लव यांत फरक करायचा तर पान बोटाने पुसून पाहा. भुरी पिठासारखी बोटाला लागते आणि पानावर ठिपक्याठिपक्यांनी, कुठे आहे कुठे नाही अशी येते. लव सगळ्या पानावर सारखी असते आणि पुसून जात नाही. एक दिवसाआड मारलेलं कडुनिंबाचं तेल याच केसांत अडकून बसलं, त्यावर शहराची धूळ बसली आणि वर ऊन पडलं. काही पानं काळपट, करपल्यासारखी दिसत असतील तर ती अशी झाली असण्याची शक्यता बरीच आहे. कडुनिंबाचं तेल चांगलंच आहे, पण लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर, मिसळण्यापुरते साबणाचे थेंब, उन्हं उतरल्यावर, आठ-दहा दिवसांतून एकदा, आणि तेही कीड डोळ्यांना दिसली तरच.

तसंच खालच्या फांद्या तपकिरी आणि लाकडासारख्या होणं, बुडाची चार जुनी पानं पिवळी पडून गळणं, हेही वयाचं लक्षण आहे. त्यासाठी काही करायला नको.

आता पहिली कुंडी. ती गेली, पण ती कशाने गेली हे कळलं तरच दुसरी वाचेल.

सुनेची चिठ्ठी मार्चची आहे. मार्च ते मे पश्चिमेचं ऊन थेट ग्रिलवर येतं, छोटी कुंडी तापते, तेव्हा रोज एक ग्लास पाणी ठीकच होतं. मग जून आला. मुंबईत चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो पश्चिमेच्या ग्रिलमध्ये आडवा आणून टाकतो. त्यावर तुमचा रोजचा ग्लास. लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे जमीन गरम असते तेव्हा ती सुकीही असते. आपल्या पावसाळ्यात माती गरम आणि ओली, दोन्ही एकाच वेळी असते, महिनोन् महिने. या झाडाच्या मुळांना त्याची सवयच नाही. आपल्याकडे लॅव्हेंडरची शेती बहरली ती जम्मू-काश्मीरमधल्या भद्रवाहला, डोंगरातल्या थंड हवेत. बोरिवलीच्या पाचव्या मजल्यावर तुम्ही ते मेपर्यंत जगवलंत, हे कमी नाही.

ओल्या मातीत मुळांना हवा मिळेनाशी झाली की फायटोप्थोरा नावाचा रोग संधी साधतो. त्याला आपण बुरशी म्हणतो, पण खरं तर ती पाण्यात वाढणारी, बुरशीसारखी दिसणारी वेगळी जात आहे. तिचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. कोकणात सुपारीवर पडणारा कोळे रोग याच कुळातला. तुमच्या ओळखीत कोणाच्या वाडीत पोफळी असतील तर त्यांना विचारा. पाऊस लागायच्या आधी घडांवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारायची धावपळ ते दरवर्षी करतात.

यातली फसवी गोष्ट अशी की मूळ कुजलेलं रोप तहानलेल्या रोपासारखंच दिसतं. शेंडे माना टाकतात, पानं राखट होतात. मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, म्हणून माती चिंब असतानाही झाड सुकतं. आपण ते बघतो, जीव कळवळतो आणि आणखी पाणी घालतो. मी स्वतः अशाच एका जुलैत रोझमेरीचं मोठं झाड घालवलं आहे. शेवटच्या आठवड्यात मी त्याला दिवसातून दोनदा पाणी घालत होते. आजही ओल्या मातीत मलूल झालेलं रोप दिसलं की मला ते आठवतं आणि हातातला तांब्या खाली ठेवला जातो.

माळ्याने दिलेल्या कार्बेन्डाझिमने गुण का आला नाही, तेही यातच आहे. ते औषध खऱ्या बुरशींवर चालतं. फायटोप्थोरासारख्या पाणबुरशीवर त्याचा परिणाम होत नाही. माळ्याने मनापासून दिलं असेल, पण दुखणं एक आणि औषध दुसऱ्याचं असं झालं. त्यावर चालतात ती तांब्याची औषधं, जसं कॉपर ऑक्सिक्लोराइड, किंवा मेटॅलॅक्झिल असलेली. तीही पसरणारा रोग रोखतात. कुजलेलं मूळ कोणत्याही औषधाने परत जिवंत होत नाही. आणि या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दीर्घकाळ टिकून राहतात, त्याची मजल एका झाडापुरती नसते, म्हणून तुळशीच्या कुंडीतली माती काढायला सांगितली.

दुसऱ्या कुंडीचं काम रविवारी सकाळी करा, घाईत नको. आदल्या दोन-तीन दिवसांत पाणी बंद. बुंध्याशी दोन बोटांत रोप धरून कुंडी उलटी करा, कडेवर हलकेच आपटा, म्हणजे मातीचा गोळा अख्खा बाहेर येईल. आधी वास घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसानंतर येतो तसा वास असतो. कुजलेलीला गटारासारखा, आंबूस. मग मुळं बघा. पांढरी किंवा साईच्या रंगाची, ओढली तर न तुटणारी मुळं चांगली. तपकिरी, लिबलिबीत, आणि बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते, ती मुळं गेलेली. बुंध्यापाशी नखाने किंचित साल खरवडा. आत हिरवं असेल तर आशा आहे. काळं-तपकिरी असेल आणि तो काळेपणा सगळीकडून फिरलेला असेल, तर ते रोप वाचणार नाही. तिथे थांबा आणि खाली फाट्यांबद्दल, म्हणजे नवं रोप करायला कापून लावायच्या शेंड्यांबद्दल, लिहिलं आहे ते करा.

बुंधा हिरवा असेल तर कात्री स्पिरिटने पुसून सगळी कुजलेली मुळं कापून टाका. मुळं जेवढी कमी झाली त्या मानाने वरचाही भार कमी करायला हवा, म्हणून हिरव्या फांद्यांचा साधारण तिसरा हिस्सा छाटा. छाटताना पानं असलेल्या भागातच कापा. नुसत्या लाकडापर्यंत मागे गेलात तर लॅव्हेंडर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही.

नवी कुंडी मातीची, आणि उरलेल्या मुळांपेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत ती माती ओलीच राहते. मिश्रणात लाल माती, धुतलेली जाड रेती आणि परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे) किंवा विटेचा भरडा, तिन्ही सारखे. रेती बांधकामाच्या दुकानातली नदीची घ्या. चौपाटीची अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नको, ते पाणी धरून ठेवतं. शेणखत आणि स्वयंपाकघरातलं कंपोस्टही नको, हे झाड गरिबीतच सुखी असतं. आपली लाल माती आम्लाकडे झुकलेली असते आणि लॅव्हेंडरला साडेसहा ते साडेसात सामू (पीएच) आवडतो, म्हणून मिश्रणात एक लहान चमचा डोलोमाइट चुना मिसळा. जुनीच कुंडी वापरायची असेल तर घासून, ब्लीचच्या पातळ पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा.

इथे एक जुनी सवय मोडायला सांगते, आणि त्यावरून माझे माळीकाम करणाऱ्या कितीतरी लोकांशी वाद झाले आहेत. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घातला की निचरा चांगला होतो, असं आपण सगळेच ऐकत आलो. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. वरची माती पुरती चिंब होईपर्यंत ते तिच्यातच लोंबकळत राहतं. म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर माती गळू नये म्हणून जाळीचा एक तुकडा ठेवा, बस. निचरा सगळ्या मिश्रणात हवा.

आणि कुंडीखालची थाळी काढून टाका. तिच्यात साचलेलं पाणी कुंडी खालून परत ओढून घेते. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधायला घरी येतात तेव्हा तेही आधी हीच थाळी बघतात. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

कुंडी बदलल्यावर एकदा कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम, मातीत ओता. पाकिटावर जे प्रमाण आणि जी काळजी लिहिली आहे ती पाळा, हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. तुमच्याकडे कोणी ट्रायकोडर्मा सुचवेल. तेही चांगलं आहे, पण ते स्वतः जिवंत, उपयोगी बुरशी आहे आणि तांबं तिलाही मारतं. दोन्ही एकत्र नकोत, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्यानंतर रोप आठवडाभर उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, मग हळूहळू ग्रिलमध्ये. पाऊस परतीला लागला आहे, ऑक्टोबरचं कोरडं ऊन येतंय. या कामाला वर्षातला याहून बरा महिना मुंबईत मिळत नाही.

यापुढे पाणी कसं घालायचं? मातीत बोट दोन पेरं घाला. गार किंवा ओलं लागलं तर पाणी नाही, मग चार दिवस झाले असोत की सहा. कुंडी उचलून बघायची सवय लावा. सुकी कुंडी हाताला हलकी लागते आणि आठवड्याभरात हाताला ते वजन कळायला लागतं. सुकी असेल तेव्हा मात्र खालून पाणी येईपर्यंत भरपूर घाला. घोट घोट रोज, हे नको. पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या ग्रिलमधून काढून काचेच्या आत घ्या.

तिसरी कुंडी. पांढरा कापूस आणि मुंग्या, म्हणजे पिठ्या ढेकूण. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की ग्रिलच्या दुसऱ्या टोकाला जास्वंद आहे आणि तिच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात. कळ्यांच्या देठांशी आणि शेंड्यांच्या वळ्यांत बघा. माझा अंदाज आहे की कापूस तिथेही असेल आणि तो आधी तिथेच आला असेल. मुंबईत पिठ्या ढेकणाचं माहेर म्हणजे जास्वंद. तो रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याचे शत्रू हुसकावून लावतात. म्हणून मुंग्या दिसल्या की आपण मुंग्यांवर चिडतो, पण बघायचं असतं त्या कुठे जाताहेत ते. चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते, ती ओल्या फडक्याने पुसली जाते.

हे रोप आज बाजूला काढा. कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पांढऱ्या पुंजक्याला लावा. मेणकट थर विरघळतो आणि कीड मरते. एकदा करून थांबू नका. त्या कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात आणि बाहेर येणारी पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, निदान चार वेळा. जास्वंदीलाही सोबतच. जास्वंद मोठी असेल तर भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका आणि बाकीवर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही जैविक भुकटी, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. द्राक्ष-सीताफळाचे शेतकरी ती नेहमी वापरतात. तिला दमट हवा लागते, आणि त्या बाबतीत आपलं शहर तिला पुरेपूर साथ देतं. कुंडी उलटी केलीत तर मातीच्या गोळ्याच्या कडेलाही पांढरी भुकटी दिसते का ते पाहा. मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूणही असतो. परलाइटचा दाणा आणि तो यांत गोंधळ होत असेल तर बोटाने चिरडा. परलाइट कुरकुरतं, ढेकूण चिकट होतो.

फवारायच्या आधी भिंग घेऊन एकदा नीट बघा, ही विनंती. कापसासारख्या पांढऱ्या अळ्यांपैकी काही चटचट चालताना दिसल्या, ढेकणांपेक्षा बऱ्याच मोठ्या असल्या, तर त्या क्रिप्टोलीमस या ढालकिड्याच्या अळ्या असू शकतात. हा ऑस्ट्रेलियातला किडा १८९८ साली भारतात आणला गेला, आणि तो पिठ्या ढेकणांवरच जगतो. त्याची अळी दिसायला ढेकणासारखीच असते, त्यामुळे कितीतरी लोक आपल्याच मदतनिसाला मारून टाकतात.

झुरळांचा स्प्रे झाडांवर पुन्हा नको. त्यातली द्रावकं पानं जाळतात, आणि तो मित्रकीटकांना आधी मारतो. मग दोन-तीन आठवड्यांनी लाल कोळी वाढतो, कारण त्याला खाणारं कोणी उरत नाही. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके, शेंड्यांत बारीक जाळं, पांढऱ्या कागदावर फांदी झटकली तर चालणारे कण, ही त्याची ओळख. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे कीटकनाशकं त्याच्यावर बहुतेक फुकट जातात. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, सकाळी, आठवड्यातून दोनदा, एवढ्याने घरातला कोळी आटोक्यात येतो. गंधक त्यावर चालतं, पण ऑक्टोबरच्या उन्हात ते पानं भाजतं आणि तेल मारल्यावर लगेच तर मुळीच नको.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. कोवळ्या शेंड्यांवर हिरवा-काळा मावा असेल तर बोटांनी निपटून साबणाच्या पाण्याने धुवा. झाड हलवल्यावर पांढरी माशी उडाली तर पिवळा चिकट सापळा टांगा आणि पानांची खालची बाजू धुवा. पानांच्या बेचक्यात थुंकीसारखा फेस दिसला तर घाबरू नका, पाण्याने उडवून द्या. लांबलेल्या पावसात पानांवर राखट मधल्या भागाचे, गडद कडेचे बारीक ठिपके येतात आणि खालून पानगळ सुरू होते. ती पानं काढा, झाड विरळ करा, कुंड्यांत हातभर अंतर ठेवा. फुलांवर करडी बुरशी धरते ती पावसाच्या तोंडावर फुलं न कापल्यामुळे. आणि इंटरनेटवर लॅव्हेंडरच्या शत्रूंमध्ये पहिला दाखवतात तो हिरवा-जांभळा, पट्ट्यापट्ट्यांचा चकचकीत भुंगेरा तिकडच्या, युरोपातल्या बागांचा. त्याच्या शोधात आपल्या ग्रिलमध्ये रात्र जागवू नका.

एक दुखणं मात्र असं आहे ज्याला औषधच नाही. पानांवर ठळक, चमकदार पिवळे चट्टे, पानं वेडीवाकडी, वाढ खुंटलेली, असं असेल तर तो विषाणू असू शकतो. मावा आणि आपली कात्री, दोघंही तो पसरवतात. असं झाड काढून टाकायचं, त्याचे फाटेही घ्यायचे नाहीत.

बाकी रोपांचे फाटे मात्र जरूर घ्या, आजच. बोटभर लांबीचे, फूल न आलेले, टवटवीत शेंडे. दोन्ही कुंड्यांतून चार-चार. स्पिरिट लावलेल्या कात्रीने कापा, खालची पानं काढा, कापूस कुठे चिकटलेला नाही हे बघून जाड रेती-परलाइटमध्ये खोचा. ओल जेमतेम. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. दिवाळीपर्यंत त्यातले दोन-तीन तरी उभे असतील, असं मला वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला वाटतं पत्र तुम्ही खरं तर याचसाठी लिहिलंत.

नवी रोपं गुपचूप ठेवू नका. एक कारण अगदी झाडाचं आहे. लॅव्हेंडरच्या जाती वेगवेगळ्या आहेत. एकीची पानं सरळ कडेची, चिंचोळी, राखट. दुसरीची, डेंटाटा जातीची, पानं कंगव्यासारखी दातेरी आणि जास्त हिरवी. नर्सरीत दोन्हींना लॅव्हेंडरच म्हणतात. डेंटाटा आपल्या हवेत थोडी बरी टिकते, सरळ पानाच्या जातीला नीट फुलायला थंडी लागते. ज्या मुलीने हौसेने निवडून आणली, तिला पान बोटांत धरताच कळेल. आणि नवी रोपं त्याच मातीत, त्याच ग्रिलमध्ये, त्याच रोजच्या ग्लासावर राहिली तर पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही मला पुन्हा हेच पत्र लिहाल.

दुसरं कारण असं. 'मुद्दाम मारली असं तिला वाटेल', हे तुम्ही लिहिलं आहे. तिने तसं काही म्हटल्याचं पत्रात कुठे नाही. पत्रात आहे ते इतकंच की जागेवरून एकदा वाजलं, आणि नंतर आठ महिन्यांसाठी जाताना तिने आपली झाडं तुमच्या हाती सोपवली. ज्याच्याबद्दल शंका असते त्याच्याकडे माणूस असं काही सोपवत नाही. आणि तुम्ही ऐन मुसळधार पावसात, ओल्या कुंडीतही ग्लास रिकामा केलात. का, ते तुम्हीच एका ओळीत लिहिलंय: 'पाणी घातलं नाही असं व्हायला नको.' झाडापेक्षा तुम्ही तिचा शब्द जपत होतात. हे तिला माहीत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

तिला दिवाळीची वाट बघायला लावू नका, याच आठवड्यात फोन करा. एक गेलं, एकाची मुळं कुजली आहेत, एकावर कीड आहे, असं सरळ सांगा, आणि रविवारी कुंडी उलटी कराल तेव्हा व्हिडिओ कॉल लावून तिला मुळं दाखवा. कुठली फांदी ठेवायची, कुठली छाटायची, हे तिला विचारा. चिठ्ठी चुकीची होती असं म्हणू नका, ती मार्चची होती एवढंच म्हणा. तिला वाईट वाटेल, कदाचित दोन दिवस कमी बोलेल. हौसेच्या झाडासाठी वाईट वाटणं साहजिक आहे, ते तुमच्यावरचा राग म्हणून घेऊ नका. जागेचा विषयही त्याच फोनवर निघाला तर टाळू नका. दोरीखाली कुंड्यांवर कपड्यांचं पाणी निथळतं, हे लॅव्हेंडरसाठीही वाईटच आहे. ग्रिलचं दक्षिणेकडचं टोक तिचं आणि दोरी दुसऱ्या टोकाला, अशी काही वाटणी दोघी मिळून ठरवता आली तर बघा.

तिला पुढेही तीन कुंड्या हव्या असतील तर तिसरी तिने येऊन स्वतः निवडू दे, दातेरी पानाची. रिकाम्या कुंडीत तोपर्यंत काही लावू नका, धुऊन उन्हात पालथी ठेवा. आणि रविवारी मुळांचा रंग कसा निघाला, ते मला कळवा.